शिराझ द्राक्ष, त्याची तांबडी वाइन आणि आपला वर्धा जिल्हा

नाशिककडील द्राक्षांच्या वाइनचा बोलबाला गेल्या पंचवीस वर्षांत इतका झाला आहे कीं, लग्नकार्यास किंवा देवदर्शनास तिकडे गेलेला आपल्या भागांतील शेतकरी परत येतांना त्र्यंबकेश्वराच्या प्रसादाबरोबर ही एक बातमीही घेऊन येतो. तिकडे द्राक्षाचे मळे पाहण्यास मोटारी भरभरून माणसें येतात, कारखानदार बांधावर येऊन माल उचलतो, आणि आपण मात्र पऱ्हाटी व सोयाबीन यांच्या पाठीमागें लागून कर्जांत रुततों, असें त्या बातमीचें तात्पर्य असतें. त्यांतच एखाद्या रोपवाटिकेचा माणूस गांवांत येऊन ‘शिराझ’ नांवाच्या काळ्या द्राक्षाचीं कलमें दाखवितो. अशा वेळीं ही जात कोणती, तिच्या फळापासून वाइन कशी होते, ती कोठें व कशाबरोबर खपते, आणि आपल्या जिल्ह्यांत तिचें बूड टेकेल कीं नाहीं, याची एकत्र माहिती वाचकांपुढें असावी म्हणून हा लेख.

प्रथम नांवाविषयीं. शिराझ हें इराणांतील एका प्रसिद्ध शहराचें नांव आहे. हाफिज व सादी या कवींचें तें गांव. त्या शहराचें मद्य सतराव्या शतकांत जहाजांतून सुरतेस येत असे. यावरून हें द्राक्षही इराणांतूनच युरोपांत गेलें अशी समजूत फार दिवस चालत आली, आणि धर्मयुद्धाहून परतलेल्या कोणा सरदारानें तें फ्रान्समध्यें नेलें अशी कथाही तिला जोडली गेली. कथा गोड आहे, पण खरी नाहीं. १९९८ च्या सुमारास कॅलिफोर्निया व फ्रान्स येथील शास्त्रज्ञांनीं या वेलीच्या अनुवंशद्रव्याची तपासणी केली, तेव्हां तिचे आईबाप दोन्ही फ्रान्सच्या आग्नेय भागांतलेच निघाले. बाप ‘द्युरेझा’ नांवाचें काळें द्राक्ष आणि आई ‘मोंद्यूझ ब्लांश’ नांवाचें पांढरें द्राक्ष. दोन्ही जाती आज फारशा कोणी लावीत नाहीं. त्यांचें लेकरूं मात्र जगभर पसरलें. फ्रान्समध्यें ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत तिला ‘सिराह’ म्हणतात. १८३० नंतरच्या दशकांत जेम्स बस्बी या गृहस्थानें युरोपांतून गोळा केलेलीं काड्यांचीं जुडगीं ऑस्ट्रेलियांत नेलीं, त्यांत हीही होती, व तेथें तिचें नांव शिराझ असें रूढ झालें. आपल्याकडील रोपवाटिकांत तेंच चालतें.

थॉमसन सीडलेस किंवा तास-ए-गणेश या आपल्या ओळखीच्या जातींच्या घडाशेजारीं शिराझचा घड ठेविला तर पाहणाऱ्याची प्रथम निराशाच होते. मणी लहान, लांबट, निळसर काळे, आंत बी, साल जाड, आणि घड दाट. खाण्याचें द्राक्ष करणारा बागाईतदार जिबरेलिक आम्लाच्या द्रावणांत घड बुडवून मणी फुगविण्याच्या खटपटींत असतो. वाइनसाठीं लावणाऱ्यास उलट मणी लहान राहिलेला हवा असतो. याचें कारण असें कीं, काळ्या द्राक्षाचाही रस जवळजवळ रंगहीनच असतो. रंग, तुरटपणा आणि बहुतेक वास सालींत सांठविलेला असतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानानें साल अधिक, आणि तितकी वाइन गडद. ज्यास आपण बाजारांत खोट मानतों तोच येथें गुण होय.

तुरटपणाविषयीं दोन शब्द अधिक लिहितों, कारण तांबड्या वाइनचें सारें मर्म त्यांत आहे. आपल्या षड्रसांत कषाय म्हणून जो रस सांगितला आहे तोच हा. सुपारी चघळली, कच्चें केळें चाखलें किंवा अर्धें पिकलेलें जांभूळ खाल्लें म्हणजे जीभ ओढल्यासारखी होते, तशीच ती शिराझच्या वाइननें होते. लाळेंतील प्रथिनांशीं हीं कषायद्रव्यें बांधलीं जातात व तोंड कोरडें पडल्यासारखें वाटतें. याशिवाय या जातीस एक खास वास आहे, तो मिऱ्यांचा. हा केवळ चाखणाऱ्यांच्या कल्पनेचा खेळ नव्हे. २००८ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं ‘रोटंडोन’ नांवाचें द्रव्य या द्राक्षाच्या सालींत ओळखलें. काळ्या मिऱ्यांचा तिखट वास ज्या द्रव्यानें येतो तेंच हें. हवा थंड असेल तेथें तें अधिक उतरतें, आणि उष्ण भागांत वेल लावली तर मिऱ्यांचा वास कमी होऊन शिजविलेल्या फळाचा वास वाढतो. हवेचा हा मुद्दा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें आपल्या जिल्ह्याचा विचार करतांना त्याचा उपयोग आहे.

आतां कृति. द्राक्षें पहांटे किंवा रात्रीं तोडून लहान क्रेटांत भरतात आणि होतां होईल तों त्याच दिवशीं कारखान्यांत नेतात. तेथें देठ वेगळे करून मणी फोडतात, आणि रस, साल व बी हीं सर्व एकत्रच टांकींत टाकतात. पांढऱ्या वाइनसाठीं साल आधींच काढून टाकीत असल्यामुळें तिला रंग व तुरटपणा येत नाहीं. तांबड्या वाइनचा सारा भेद एवढाच. मग किण्व साखर खाऊं लागतें. हिशेब सोपा आहे : दर लिटर रसांतील सुमारें १७ ग्रॅम साखर आंबली म्हणजे मद्यार्काचें प्रमाण शेंकडा १ नें वाढतें. रसांत लिटरमागें २३० ग्रॅम साखर असेल तर वाइनमध्यें मद्यार्क शेंकडा साडेतेराच्या आसपास येईल. आंबतांना साली फुगून वर तरंगतात व त्यांचा जाड थर होतो. तो दिवसांतून अनेक वेळां खालीं दाबावा लागतो किंवा त्याच्यावर खालचा रस पंपानें सोडावा लागतो, नाहीं तर रंग उतरत नाहीं व सालींत आंबट व्हिनेगर होण्याचें भय असतें. आंबतांना उष्णता फार निर्माण होते. रस २५ ते ३० अंशांत राखण्यासाठीं पोलादी टांक्यांभोंवतीं थंड द्रव खेळवितात. विजेचा खंड पडला तर टांकी बिघडते. त्यानंतर गाळणें, दाबणें, आणि द्राक्षांतील तीव्र आंबटपणा सौम्य करणारी जंतूंची दुसरी क्रिया. चांगल्या प्रतीची वाइन मग ओकच्या लांकडी पिंपांत कित्येक महिने मुरते. एक टन द्राक्षांपासून तांबडी वाइन ६०० ते ७०० लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटल्या आठशें ते नऊशें होतात.

आयुर्वेदांतील द्राक्षासव वाचकांच्या परिचयाचें आहे. त्यांत धायटीचीं फुलें घालतात तीं आंबविण्यासाठींच. तेंही आंबवूनच तयार होतें. परंतु त्यांत गूळ-साखर व मसाल्याचीं द्रव्यें बाहेरून पडतात, तें औषध म्हणून मोजून घेतात, आणि कोणत्या गांवच्या कोणत्या मळ्यांतील द्राक्ष हें कोणी विचारीत नाहीं. वाइनच्या व्यापारांत सारी किंमत या शेवटच्या प्रश्नाची आहे.

भोजनाचा विषय आपल्या जिल्ह्यांत केवळ वाचण्यापुरता आहे, त्याचें कारण पुढें येईल. तथापि ज्या मालाचें गिऱ्हाईक तो कसा वापरतें हें ठाऊक नाहीं, त्याची लागवड करणें म्हणजे अंधारांत पेरणी. म्हणून उत्पादकानें तोही जाणावा. युरोपांत ही वस्तु जेवणाबरोबर घोटघोट घेण्याची आहे. शिराझ तेथें भाजलेलें मेंढ्याचें मांस, शिकारीचें मांस व जुनें कठीण चीज यांबरोबर घेतात. मांसांतील प्रथिनें व चरबी कषायद्रव्यांस बांधून घेतात, त्यामुळें वाइन जिभेला मऊ लागते आणि वाइनमुळें चरबीचा ओशटपणा निघून जातो. मासळीबरोबर ती चालत नाहीं. तांबड्या वाइनमधील लोहाचा अंश आणि मासळीचें तेल यांच्या संयोगानें तोंडांत धातूसारखी चव येते.

आपल्या पदार्थांस हा नियम लावून पाहिला तर मौज दिसते. ज्या रश्श्यानें कपाळावर घाम फुटतो असा सावजी रस्सा शिराझबरोबर अगदीं विजोड, कारण मद्यार्कानें मिरचीची आग वाढते व कषायानें ती जिभेवर चिकटून राहते. मोठ्या उपाहारगृहांत भारतीय जेवणाबरोबर तांबडी वाइन सर्रास सुचविली जाते ती बहुधा मिरचीचा विचार न करितांच. उलट निखाऱ्यावर भाजलेलें मटण, खोबरें व तीळ भाजून केलेला कमी तिखट काळा रस्सा, आणि तुराट्यांच्या आंचेवर भाजलेल्या वांग्याचें भरीत, हीं तिच्याशीं जुळतात. धुराच्या वासाशीं मिऱ्यांचा वास चांगला मिसळतो. चिंचेच्या सारापुढें किंवा कढीपुढें ती फिकी पडते. पुरणपोळीबरोबर घेतली तर आंबट व कडू लागते. अन्न वाइनहून गोड असलें कीं असेंच होतें. आणखी एक गोष्ट म्हणजे, तांबडी वाइन ‘घरांतल्या उष्णतेवर’ द्यावी असें जें पुस्तकांत लिहितात, तें युरोपांतील दगडी घरांस उद्देशून, म्हणजे १६ ते १८ अंश. मे महिन्यांत वर्ध्यास बाहेर ४५ अंश असतांना घरांतल्या उष्णतेवर ठेविलेल्या बाटलीचें काय होईल तें सांगणें नको. औषधी म्हणून तांबड्या वाइनची जी स्तुति होत असे तिच्याविषयींही एक वाक्य : मद्याचें कोणतेंही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे.

या सर्वांवरून एक गोष्ट ध्यानांत येते कीं, हा पदार्थ आपल्या पंगतीचा नव्हे. त्याचा खप मुंबई, पुणें, दिल्ली, बंगळूर अशा शहरांत व गोव्यासारख्या प्रवाशांच्या ठिकाणीं एकवटलेला आहे. तेथील उपाहारगृहें भरलेलीं असलीं तर मळेवाल्याचें भलें, नाहीं तर नाहीं.

आतां ज्या प्रदेशाचा इतका गवगवा आहे तो पाहूं. नाशिकचें द्राक्ष नवें नाहीं. भोकरी व पंढरी साहेबी या जुन्या जाती तेथें होत्याच. बिनबियांच्या थॉमसननें पुढें त्यांची जागा घेतली. वाइनसाठीं लागवड ही मात्र अलीकडची. १९८० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्यांतील नारायणगांव येथें फेसाळ वाइनचा कारखाना निघाला होता व त्याचा माल परदेशींही गेला. नाशिक येथें राजीव सामंत यांनीं गंगापूर धरणाच्या परिसरांत १९९७ सालीं वाइनच्या जातींची लागवड केली. ‘सुला’चा कारखाना २००० सालीं चालूं झाला. आरंभीं तेथें पांढऱ्या जाती होत्या, शिराझ मागाहून आली. राज्य सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें, वाइनवरील उत्पादन शुल्कांत सवलत दिली, आणि निफाड तालुक्यांतील विंचूर व सांगली जिल्ह्यांतील पलूस येथें वाइन-उद्योगासाठीं जागा राखल्या. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवास भौगोलिक निर्देशनाचें संरक्षणही मिळालें आहे. पुणें जिल्ह्यांतील मांजरी येथें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे, व वाइनच्या जातींचे प्रयोग तेथें होतात.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंचीवर आहे. दिंडोरीकडील जमीन पुष्कळ ठिकाणीं मुरमाड, उताराची, पाणी निचरून देणारी. युरोपांत वेल हिंवाळ्यांत बर्फाखालीं झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाहीं, म्हणून बागाईतदार तिला वर्षांतून दोनदां छाटतो : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तीवर पुढील फळाची काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत फळछाटणी, तिचें फळ जानेवारी ते मार्चपर्यंत उतरतें. या फेरफारांत एक गोम आहे ती सहसा कोणी सांगत नाहीं. फ्रान्समध्यें द्राक्ष पिकतें तें शरदांत, दिवसेंदिवस हवा थंड होत जातांना. महाराष्ट्रांत तें पिकतें तें उन्हाळा चढत जातांना. तिकडे फळाला घाई नसते. इकडे सूर्य मागें लागलेला असतो. नाशिकच्या उंचीमुळें व थंड रात्रींमुळें ही शर्यत कशीबशी जिंकतां येते.

वेलीच्या लागवडींतील दोन गोष्टी आपल्या संत्रेवाल्यांस लगेच उमजतील. आर्वी, आष्टी व कारंजा भागांत संत्र्याचा डोळा जंभेरीच्या खुंटावर भरतात, तसेंच आज द्राक्षही बहुधा दुसऱ्या खुंटावर बांधतात. आपल्याकडे ‘डॉगरिज’ हा अमेरिकेंतील रानटी द्राक्षाचा खुंट क्षारयुक्त व कमी पाण्याच्या जमिनीसाठीं वापरतात. ही पद्धत फ्रान्समध्यें संकटांतून रूढ झाली. १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतून आलेल्या फायलोक्सेरा नांवाच्या मुळें शोषणाऱ्या बारीक किडीनें तेथील मळ्यांचे मळे वाळविले. अमेरिकन वेलीच्या मुळांस ती कीड मारीत नाहीं असें दिसल्यावर सारा देश कलमावर आला.

दुसरी गोष्ट बोर्डो मिश्रणाची. संत्र्याच्या खोडास डिंक्यापासून वांचविण्यासाठीं आपण मोरचूद व चुना यांचा जो बोर्डो मलम लावितों, त्याचें नांव फ्रान्समधील बोर्डो या वाइनच्याच शहरावरून आलें आहे. तेथील शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत, तो वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून. पानें विषारी दिसलीं कीं कोणी हात लावीत नसे. मिलार्दे नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानांत १८८२ सालीं आलें कीं, केवडा रोगानें आंतल्या वेलींचीं पानें गळलीं, पण रस्त्याकडेचीं हिरवीं राहिलीं. १८८५ सालीं त्यानें हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांच्या भयानें लागलेला हा शोध आज आपल्या संत्राबागांत चालूं आहे.

आतां आपल्या जिल्ह्याचा प्रश्न. वर्ध्याची उंची समुद्रसपाटीपासून अडीचशें मीटरच्या आसपास. डिसेंबर-जानेवारींत आपल्याकडेही रात्री थंड असतात, व त्या दोन महिन्यांवरून पाहिलें तर वेलीस येथें कांहीं अडचण दिसणार नाहीं. नमुन्यादाखल लावलेलीं चार झाडें त्यामुळेंच फसवितात. खरी परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होते. मार्चअखेर पारा ४० च्या आसपास जातो. अशा उष्णतेंत मण्यांतील आम्ल झपाट्यानें जळतें, साखर वर चढते, आणि साल रंगण्यापूर्वींच फळ गोड होऊन बसतें. त्याची वाइन जड व बेचव होते, आणि मिऱ्यांचा जो वास या जातीची ओळख तो तींत राहत नाहीं. त्यांत गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत विदर्भ-मराठवाड्यांत पडलेल्या गारा कोणी विसरला नसेल. गहूं-हरभरा लोळला तरी पुढच्या वर्षीं नवें बी पेरतां येतें, पण वेलीच्या काड्या चिरल्या तर पुढील बहारासही धोका पोंचतो.

जमिनीची बाबही अनुकूल नाहीं. आपली भारी काळी जमीन कपाशीची. ती पाणी धरून ठेवते. ऑक्टोबरांत, म्हणजे नेमक्या फळछाटणीच्या वेळीं, ती ओलीच असते, आणि उन्हाळ्यांत तिला भेगा पडून बारीक मुळें तुटतात. शिवाय सकस जमिनींत वेल माजते. पानांचा पसारा वाढतो, आंत हवा खेळत नाहीं, भुरी व केवडा घर करितात, आणि फळाचा रस पातळ होतो. पऱ्हाटी माजली म्हणजे बोंडें कमी लागतात हें आपण पाहतोंच. टेकडीच्या उताराची बरड जमीन आपल्याकडे आहे, नाहीं असें नाहीं. पण तेथें विहिरीचें पाणी मार्चपर्यंत पुरत नाहीं.

हवा व जमीन यांवर एखादा जिद्दी माणूस मात करील. कायद्यावर मात्र नाहीं. सेवाग्रामच्या या जिल्ह्यांत गेलीं सुमारें पन्नास वर्षें संपूर्ण दारूबंदी आहे. गडचिरोलींत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरांत २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. द्राक्ष लावण्यास कोणाची मनाई नाहीं, परंतु त्याची वाइन येथें करतां येणार नाहीं. घरीं मडक्यांत आंबविली तरी तो परवान्याशिवाय मद्य करण्याचा गुन्हा ठरतो, हें तरुण मंडळींनीं ध्यानांत ठेवावें. जानेवारी २०२२ मध्यें राज्याच्या मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकूं देण्याचा निर्णय घेतला, तेव्हां शेतकऱ्यांचें हित हेंच कारण पुढें केलें होतें. पण दारूबंदीचे जिल्हे त्या निर्णयांतूनही वगळलेले होते, व विरोधामुळें तो निर्णय अमलांतही आला नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२५ सालीं पुरा झाला, तो आपल्याच जिल्ह्यांतून जातो. माल नाशकास पाठवूं. या म्हणण्यांतच खरी मेख आहे. खाण्याचें द्राक्ष मंडईंत गेलें नाहीं तर त्याचा बेदाणा करतां येतो. कापूस तर आपला हुकमी माल. हिंगणघाटच्या बाजारांत भाव पडला तर आपण तो घरांत भरून ठेवितों. घरांतली माणसें अंगणांत निजतात, पण कापूस आंत राहतो. भाव येईल तेव्हां गाडी जुंपावी. या थांबण्यांतच शेतकऱ्याचें थोडेंबहुत बळ आहे. शिराझला हें बळ नाहीं. बी आहे, साल जाड आहे, म्हणून तें खाण्यास कोणी घेत नाहीं. आणि पाचशें किलोमीटरांहून अधिक अंतर तोडलेल्या घडांनीं कापावयाचें तर शीतवाहन पाहिजे, नाहीं तर मणी वाटेंतच फुटून आंबूं लागतात. गिऱ्हाईक एकच, तें दूर, आणि माल एक दिवसही थांबणारा नाहीं. अशा सौद्यांत भाव कोण ठरवील हें सांगावयास नको.

नाशिकच्या शेतकऱ्यांस कारखाना हाकेच्या अंतरावर असूनही हा अनुभव आला आहे. २००१ च्या धोरणानंतर कारखाने भराभर निघाले व त्यांच्या भरंवशावर पुष्कळांनीं वाइनच्या जाती लावल्या. वेल फळावर येण्यास दोन-तीन वर्षें जातात. तोंपर्यंत २००८ साल उजाडलें. जगभर मंदी आली, त्या वर्षीं २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला, प्रवासी व उपाहारगृहें रोडावलीं, आणि कारखान्यांच्या टांक्या न खपलेल्या वाइननें भरून राहिल्या. नवीं द्राक्षें घेण्यास जागा नव्हती व पैसाही नव्हता. करार असलेल्यांचा माल वेलीवर राहिला, कित्येकांचीं बिलें थकलीं, आणि पुढील दोन-तीन वर्षांत कितीतरी एकर वेली मुळासकट उपटल्या गेल्या. त्यांनंतर धंदा सावरला. सुला कंपनीचे भाग डिसेंबर २०२२ मध्यें शेअरबाजारांतही आले. पण उपटलेल्या वेलींच्या मालकांस त्याचा काय उपयोग ? एका बाटलीस द्राक्षें लागतात किलोहून थोडींच अधिक. बाटलीची दुकानांतील किंमत आणि त्या किलोचा शेतकऱ्यास मिळणारा भाव शेजारीं शेजारीं लिहून पाहिला म्हणजे या धंद्यांतील नफा बांधावर फारसा राहत नाहीं हें कागदावरच दिसतें.

एवढ्यावरही ज्यास लागवड करावीशी वाटते त्यानें रोपें घेण्यापूर्वीं विक्रेत्यास नव्हे, तर खरेदीदारास पत्र लिहावें. करार किती वर्षांचा ? वेल तीन वर्षांनीं फळावर येते, म्हणून त्याहून कमी मुदतीचा करार निरुपयोगी. कारखान्यानें माल नाकारला तर नुकसान कोणाचें ? एकरीं किती टनांपर्यंत माल घेणार ? चांगल्या वाइनसाठीं एकरीं चार-सहा टनांवर माल नको असतो, व जास्तीचे घड शेतकऱ्यास कोंवळेपणींच कापून टाकावे लागतात. त्याची भरपाई भावांत धरली आहे काय? वाहतूक व क्रेट कोणाचे, वजन कोठें होणार, आणि पैसा किती दिवसांत मिळणार ? आठ फूट व पांच फूट अंतरानें एकरीं १०८९ वेली बसतात. कलमें, लोखंडी कोन, तारा, ठिबक आणि फवारणीचें यंत्र यांचा खर्च पहिल्या घडापूर्वींच होऊन जातो, म्हणून बँकेच्या हप्त्याची तारीख व पहिल्या फळाची तारीख यांचाही मेळ आधींच घालून पाहावा.

शेवटीं गोडीचें माप. वाइनच्या द्राक्षाचा भाव रसांतील साखरेवर, म्हणजे ब्रिक्सवर ठरतो. तांबड्या वाइनसाठीं तो २२ ते २४ च्या दरम्यान मागतात. तें माप कारखान्याच्या फाटकावर एकट्या खरेदीदारानें करावयाचें नसतें. बोटाएवढें, हातांत धरून पाहण्याचें रिफ्रॅक्टोमीटर नांवाचें कांचेचें यंत्र मिळतें. त्यावर रसाचे दोन थेंब टाकून उजेडाकडे धरलें कीं आंकडा दिसतो. यंत्र वापरण्यापूर्वीं स्वच्छ पाण्याच्या थेंबावर तें शून्य दाखवितें कीं नाहीं हें पाहावें, आणि एकाच मण्यावरून न ठरवितां घडाच्या वरच्या, मधल्या व टोंकाच्या मण्यांचा रस एकत्र करून मोजावा. संत्र्याच्या फोडीचा रसही याच यंत्रानें मोजतां येतो. आंबिया बहाराच्या तोडणीपूर्वीं बागेच्या चार कोपऱ्यांतील फळें घेऊन तो अवश्य मोजून पाहावा, म्हणजे व्यापारी बागेंत येईल तेव्हां आंकडा आपल्याजवळ असेल.